एक्का, चक्का आणि क्वार्क

"बाबा, कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो क्वार्क आणता?" मुलीनं विचारलं. मुक्काम हॅम्बुर्ग. उद्या पाडवा, त्यात रविवार, म्हणजे जर्मनीत दुकानं बंद.

मी ऐकतच राहिलो. तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. क्वार्क म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांच्याही पोटातला मूलकण. एकटा क्वार्क आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही, हे पोरांकडून घोकून घेतलं. प्रोटॉनच्या पोटात दोन 'अप' आणि एक 'डाउन' जातीचा असे तीन क्वार्क असतात. एकाला ओढून काढायला जावं, तर ओढण्यात खर्चलेल्या ऊर्जेतून नवे क्वार्क जन्मतात आणि तो पुन्हा जोडीदारासकटच बाहेर येतो. आणि मी पिशवी घेऊन अर्धा किलो आणायला निघालो होतो!

दुकानात डब्यांवर डबे रचलेले. घरी येऊन झाकण उघडलं, तर हा आपला चक्काच! जरा कमी आंबट, एवढंच. नळाला पुरचुंडी टांगायची भानगड नाही. इथल्या मराठी घरांत श्रीखंड याचंच होतं म्हणे. खुद्द जर्मनांनीही हा शब्द स्लाव शेजाऱ्यांकडून आणलेला, विरजण मागून आणावं तसा.

"आजोबा, मग तुमच्या क्वार्कचं नाव श्रीखंडावरून आलं?" नातवानं विचारलं.

झालं, मास्तर जागा झाला. १९६४ साली मरे गेल-मान या अमेरिकन शास्त्रज्ञाला हे कण सुचले. डोक्यात आधी 'क्वॉर्क' असा नुसता आवाज होता, स्पेलिंगचा पत्ता नव्हता. मग जेम्स जॉइसच्या 'फिनेगन्स वेक'मध्ये ओळ सापडली, 'थ्री क्वार्क्स फॉर मस्टर मार्क'. प्रोटॉनातही तीनच! पण यमक 'मार्क'शी, म्हणजे उच्चार क्वार्क. याला तर क्वॉर्क हवा. कादंबरीचा नायक गुत्तेवाला आहे, तेव्हा त्या ओळीत दारूचं 'क्वॉर्ट' हे मापही दडलं असेल, अशी सारवासारव त्यानं केली. माझ्या तोंडी परीक्षेत असं कुणी बोललं असतं, तर मी नापासच केलं असतं. त्याच वर्षी जॉर्ज झ्वाइगनं स्वतंत्रपणे हेच कण मांडले आणि नाव दिलं 'एसेस', पत्त्यांतले एक्के. टिकलं मात्र क्वार्कच. एक्का हरला, चक्का जिंकला.

नातू वैतागून म्हणाला, "क्वार्क!"

मी कौतुकानं त्याच्या वाटीत आणखी एक डाव श्रीखंड वाढलं.

"बाबा," मुलगी हसू दाबत म्हणाली, "जर्मनमध्ये क्वार्क म्हणजे 'काहीतरीच बडबड' असाही अर्थ होतो."