चौकशी

'चौकशी' हा शब्द मराठीत दोन घरांत नांदतो. 'काकू तुझी चौकशी करत होत्या' म्हटले की त्यात माया असते, आणि 'त्याची चौकशी लागली' म्हटले की घाम फुटतो. आमच्या घरात दीड वर्ष दुसऱ्या प्रकारची चौकशी चालली होती आणि मी मात्र तिला पहिल्या प्रकारची समजत होते. (हे मुलाच्या परवानगीने लिहिते आहे. मजकूर त्याने वाचला असून दोन वाक्ये खोडायला लावली आहेत.)

मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. सकाळी निघायच्या वेळी अंघोळ लांबायची, मग पोट दुखायचे, मग जाणेच राहायचे. गेलाच तर डबा न उघडता परत यायचा. 'आजही दांडी का?', 'किती वाजले, कळतंय का?', 'तुला नक्की झालंय तरी काय?' असे आमचे विचारणे सुरू असे. शेवटी ज्या समुपदेशक बाईंकडे गेलो, त्यांनी मुलाआधी आम्हा दोघांनाच गृहपाठ दिला. आठवडाभर मुलाला विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहायचा आणि ज्याचे उत्तर आपल्याला आधीच माहीत होते, त्यावर फुली मारायची. माझ्या ३१ प्रश्नांपैकी २६ प्रश्नांवर फुली पडली. सिंकमध्ये त्याचे खरकटे ताट दिसत असताना विचारलेला 'जेवलास का?' हाही त्यांतलाच. आमच्या ह्यांनी तिसऱ्या दिवशी वही बंद केली.

घरातल्या बोलण्याचा आजारावर परिणाम होतो, ही गोष्ट केवळ अनुभवाची नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचे उपचार घेऊन घरी परतलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांशी दीर्घ मुलाखती केल्या. नातेवाईक रुग्णाबद्दल काय बोलतात याबरोबरच ते कोणत्या सुरात बोलतात, याचीही त्यांनी नोंद ठेवली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १०१ रुग्ण होते. ज्या घरांत टीका, वैरभाव किंवा भावनिक अतिगुंतवणूक जास्त होती, तेथील ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला; इतर घरांत हे प्रमाण १६ टक्के होते. माझ्या मुलाचा आजार तो नव्हे आणि तेवढा गंभीरही नव्हे. तरीही त्या यादीतील तिसऱ्या गोष्टीपाशी मी थबकले, कारण टीका करणारे घर वाईट हे मला पटतच होते, पण मुलाच्या दाराबाहेर घुटमळणे, त्याच्यासाठी स्वतःचे जेवण टाकणे, 'तुझ्यामुळे मला झोप नाही' असे सांगणे, याला आपण काळजी म्हणतो आणि वर त्याचे कौतुकही करून घेतो.

याचा अर्थ घरच्यांमुळे आजार होतो, असा कृपया काढू नये. तो अर्थ काढून पूर्वी कित्येक आयांना नाहक दोषी ठरवले गेले आहे.

गिरणीतला प्रसंग सांगते. ज्वारीचा डबा घेऊन मी आणि मुलगा दळणाला गेलो होतो. आमचा नंबर आला आणि वीज गेली. परत यावे की थांबावे, या घोळात आम्ही पोत्यांवर बसलो. समोरासमोर नव्हे, शेजारी शेजारी. आणि मला वाटते, सारा फरक तिथेच पडला. मी विचारले, 'सकाळी निघायच्या वेळेला तुला आतून काय होतं रे?' उत्तर मला खरोखरच माहीत नव्हते. तो बराच वेळ पट्ट्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, 'लिफ्ट मध्येच बंद पडल्यासारखं. दार उघडेल हे माहीत असतं, पण श्वास पुरत नाही.' दीड वर्षात आम्ही ज्याला आळस म्हणत होतो, ते हे होते. आणि मी काय केले? लगेच म्हटले, 'मग प्राणायाम कर ना रोज सकाळी!' 'झालं सुरू,' तो म्हणाला आणि मोबाइल काढला. वीज आली, पीठ गरम गरम डब्यात पडले, आम्ही न बोलता घरी आलो.

त्या रात्री पहिल्यांदा मुलाऐवजी स्वतःबद्दल प्रश्न पडला: मला गप्प का राहवले नाही? हल्ली स्वविकासाच्या नावाखाली पहाटे पाचला उठा, सवयी बदला, स्वतःची नवी आवृत्ती काढा, असे जे सांगितले जाते, त्यात मला स्वतःवरच बसवलेली चौकशी समिती दिसते. निकाल आधीच ठरलेला आणि आरोपी आपणच. त्यापेक्षा 'आत्ता माझ्या पोटात कसला गोळा आला?' एवढे नुसते न्याहाळणे मला जमू लागले आहे. उपाय सुचवण्याची घाई ही बहुतेक माझी भीती असते, त्याची गरज नसते.

उत्तर माहीत नसताना असे कुतूहलाने विचारणे हा उपचार नव्हे, हेही स्पष्ट लिहायला हवे. मुलाला मानसोपचारतज्ज्ञांनी औषधे दिली, ती त्याने नेमाने घेतली आणि त्यांचा उपयोग झाला. ज्यांना कुठे जावे हे कळत नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. शिवाय एक प्रश्न आडवळणाने विचारू नये. कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असावेत अशी शंका आली, तर थेट आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मी तो प्रश्न विचारला तेव्हा माझे हात थरथरत होते. 'नाही गं, तसं नाही,' असे उत्तर आले आणि विचारल्याबद्दल तो चिडला नाही.

तो आता आठवड्यातून चार दिवस कॉलेजला जातो. पाचव्या दिवसाबद्दल मी विचारत नाही. म्हणजे जिभेवर येते, पण विचारत नाही. परवा पोळ्या लाटताना मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, 'मी घरी थांबतो त्या दिवशी तुला आतून काय होतं गं?' मला उत्तर द्यायला दोन दिवस लागले.