कोल्ह्याचे केस हलतात, ते हलूद्यात

ताई, नमस्कार. 'फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स' या बाहुल्यांच्या सिनेमावर मी लिहिलेलं तुम्हाला पटलं नाही. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. रात्री जेवण झाल्यावर पुन्हा वाचली, मग उत्तर लिहायला बसलो. तुमचं म्हणणं असं: बाहुल्यांचे केस सारखे वळवळतात, चालणं तुटक वाटतं, म्हणजे काम कच्चं आहे. रोआल्ड डालच्या पुस्तकातला साधासरळ कोल्हा दिग्दर्शकानं स्वतःच्याच प्रेमात पडलेला करून टाकलाय. आणि तुमची सात वर्षांची मुलगी अर्ध्यातून उठून गेली. ('मोठ्या नावाला भुललात' हा मुद्दा नव्हे, टोमणा आहे. तो घेतला पदरात.)

आधी केस. असल्या सिनेमात बाहुली ठेवायची, फोटो काढायचा, तिचा हात तिळभर सरकवायचा, पुन्हा फोटो. पडद्यावर सेकंदाला 24 चित्रं लागतात. दिग्दर्शक वेस अँडरसननं बहुतेक ठिकाणी एकेक चित्र दोनदा वापरलं, म्हणजे सेकंदाला 12 फोटो. चालणं तुटक दिसतं ते त्यामुळं. सिनेमा 87 मिनिटांचा, तेव्हा बाराच्या हिशोबानं साठ हजारांच्या वर फोटो झाले. त्या प्रत्येक फोटोआधी कुणीतरी कोल्ह्याला हात लावलाय, आणि हात लागला की केस विस्कटणारच. 1933 च्या 'किंग काँग'मधल्या त्या अजस्र वानराचे केसही असेच थरथरतात. अँडरसनला ते लपवायचं नव्हतंच. धूरसुद्धा त्यानं कापसाचा केलाय.

आमच्या घरी गणपती शाडूचा असतो. आणायला गेलो की मी मूर्ती आधी पाठीकडून बघतो. पुढून रंग चढलेला असतो, पण पाठीमागं, सोंडेच्या वळणाखाली कुठंतरी अंगठा दाबल्याची खूण राहिलेली असते. साच्यातल्या प्लास्टरच्या मूर्तीत ती सापडत नाही. तिथं 'काम कच्चं राहिलं' असं आपण कुंभाराला म्हणतो का? आणि हे आपण कोल्हापूरकरांनी म्हणावं? खरी कॉर्नरला ज्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, तो सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी इथंच, हातानं घडवला होता. त्याही आधी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप एकेक चित्र घेत पडद्यावर वाढवून दाखवलं होतं. प्रभात फिल्म कंपनीनं 1934 साली 'जंबूकाका' नावाचा छोटा ॲनिमेशनपट काढला, त्यातला जंबूकाका तर आपलाच कोल्हा.

(जाता जाता: फॉक्सला मराठीत खरं तर खोकड म्हणायला हवं. उसाच्या फडातून रात्री कुई करतो तो कोल्हा म्हणजे जॅकल. पण 'श्री. खोकड' म्हटलं तर कोण बघणार हो तो सिनेमा!)

आता दुसरा मुद्दा. इथं मी माझ्याच लेखातली एक ओळ मागं घेतो. 'सिनेमानं पुस्तकात फक्त भर घातली' असं मी लिहिलं होतं. ते चूक. 1970 च्या पुस्तकातला कोल्हा कोंबड्या चोरतो तो घरच्यांच्या पोटासाठी. तिघे शेतकरी बिळाबाहेर बंदुका घेऊन बसतात, पोरं भुकेनं मलूल पडतात आणि मग तो त्यांच्याच कोठारांकडं बोगदा खणतो. चोरी बरोबर की चूक असा प्रश्न त्याचा दोस्त बिज्जू (बॅजर) विचारतो, त्याला उत्तर भूकच देते. सिनेमातला कोल्हा चोरी सोडून वर्तमानपत्रात सदर लिहितोय, चांगल्या झाडात घर घेतोय. त्याला पुन्हा चोरी करावीशी वाटते ती खुमखुमी म्हणून. भुकेची जागा खुमखुमीनं घेतली की गोष्ट हलकी होते. हे तुम्ही बरोबर पकडलंत.

पण म्हणून तो स्वतःच्याच प्रेमात आहे एवढ्यावर सोडू नका, कारण सिनेमाला ते ठाऊक आहे. त्याची बायको त्याच्या गालावर नखं ओढते आणि तुझ्याशी लग्नच करायला नको होतं म्हणून मोकळी होते. पुस्तकात चार पिल्लं आहेत आणि एकालाही नाव नाही. इथं एकच मुलगा आहे, ॲश. बुटका, चिडका, पाहुणा आलेल्या हुशार आतेमामेभावावर जळणारा. सुट्टीला घरी आलेल्या भावाचं कौतुक ऐकून घेतलेल्या कुठल्याही पोराला तो ओळखीचा वाटेल. मला तरी वाटला.

आणि तो लांडगा! कोल्ह्याला लांडग्यांची भीती. शेवटाकडं लांब टेकडीवर एक दिसतो. कोल्हा त्याच्याशी इंग्रजीत बोलतो, लॅटिन, फ्रेंच काढून बघतो, तिकडून शब्द नाही. मग हा मूठ वर करतो आणि तोही करतो. पुस्तकात याचा मागमूस नाही. हे एक दृश्य मी कुणालाही द्यायला तयार नाही.

तुमची मुलगी उठून गेली त्याला माझ्याकडं उत्तर नाही, गेली तर गेली. बोलणं फार आहे त्यात, आणि तेही भराभर. माझा भाचा नऊ वर्षांचा, तोही मधे दोनदा पाणी प्यायला उठला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं माझा मोबाईल घेतला, आजोबांची कोल्हापुरी चप्पल जमिनीवर मांडली आणि सकाळभर फोटो काढत बसला. चाळीस फोटो, तीन सेकंदांच्या थोडं वर. चप्पल आपणहून चालत कॉटखाली जाते. मधेच एका चित्रात त्याचं बोट आलंय. काढून टाकू का विचारलं तर म्हणाला, "राहूदे मामा, ते चपलीला ढकलतंय."