गडाच्या दरवाज्यात जरा थांबा

गडावर जाणाऱ्यांची एक सवय मला फार खटकते. महादरवाजा आला की कमानीखाली फोटो काढायचा, 'चला, पोचलो' म्हणायचं आणि बालेकिल्ल्याकडे सुटायचं. अहो, अख्ख्या गडावर बांधणाऱ्याचं सगळ्यात जास्त डोकं चाललंय ते इथेच! कडे निसर्गाने दिले, तटबंदी त्यांच्या कडेकडेने गेली. पण आत-बाहेर करायला तटात कुठेतरी वाट ठेवावीच लागते, आणि शत्रूचा डोळाही तिच्यावरच असणार.

रायगडाचा महादरवाजा घ्या. चढताना दोन बुलंद बुरूज दिसतात, दार दिसत नाही. वाट बुरुजाला वळसा घालून दोघांच्या बेचक्यात शिरते, तेव्हा कुठे कमान समोर येते. यालाच गोमुखी रचना म्हणतात. लांबून तोफ डागावी तर नेम धरायला दारच नाही. हत्ती आणावा किंवा ओंडक्याची धडक द्यावी, तर धाव घ्यायला सरळ जागा नाही. आणि बेचक्यात सापडलेल्यावर दोन्ही बुरुजांवरून मारा. सिंधुदुर्गाचं काम १६६४ मध्ये सुरू झालं, तिथेही हाच विचार. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही.

आता कमानीच्या आत या. दोन्ही बाजूंच्या भिंतींत समोरासमोर चौकोनी भोकं दिसतील. बॅटरी मारून बघा, बऱ्याच ठिकाणी एक भोक खूप खोल असतं आणि समोरचं उथळ. ही अडसराची जागा. दिवसा तो जाडजूड लाकडी वासा खोल भोकात ढकलून ठेवायचा, रात्री ओढून समोरच्या भोकात अडकवायचा. मग बाहेरून कितीही धडका द्या, जोर जातो तो दोन्हीकडच्या दगडी भिंतींवर. खाली कोपऱ्यात दाराचा खुंट फिरायची गोल खोबण असते. तिच्यावरून बोट फिरवा, घासून घासून गुळगुळीत झालेला दगड लागेल. मला तलवारी-तोफांपेक्षा ही खोबण जास्त बोलकी वाटते.

दार शाबूत असलेलं बघायचं तर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघा. वाडा १७३२ चा. फळ्यांवरचे ते अणकुचीदार खिळे शोभेचे नाहीत, हत्तीने मस्तक लावून दार रेटू नये म्हणून आहेत. त्याच दारात छोटी दिंडी आहे. मोठं दार न उघडता एकेकाला आत घेता येतं, आणि येणाऱ्याला वाकून, आधी डोकं पुढे करून यावं लागतं. वाईट हेतूने आलेल्या माणसाची यापेक्षा अवघड अवस्था कुठली?

हिरकणीची कथा आपण कड्यासाठी सांगतो, पण ती घडते दरवाज्यामुळे. सांजवेळी दार लागलं की कोणासाठीही उघडायचं नाही, हा नियम तिच्या मुळाशी आहे.

म्हणूनच एका किल्ल्यावर डागडुजीच्या नावाखाली अडसराचं भोक सिमेंटने बुजवलेलं पाहिलं तेव्हा पोटात तुटलं. पहारेकऱ्यांच्या देवड्यांत बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

गडांना पुन्हा लाकडी दारं बसवण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. पण दार जुन्याच खोबणीत फिरावं, अडसर जुन्याच भोकात सरकावा. नवे दगड फोडून लोखंडी अँगल ठोकणार असाल तर कमान रिकामी राहिलेली बरी. आणि दरवाज्यापाशी फलक लावताना नाव नि सालाबरोबर वरून दिसणारा नकाशाही काढा: वाट कुठे वळते, बुरूज कुठे, देवड्या कुठे. दहावीतल्या पोरालाही दोन मिनिटांत सगळा डाव समजेल.