‘विमानाचा गेम सांगून काठीचा दिला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

दादा, नमस्कार. दुकान माझंच आहे, म्हणून उत्तरही मीच देतो.

रविवारी तुम्ही भाच्याला घेऊन आलात, व्हिडिओ गेम खेळायला दोन तासांचे १६० रुपये भरलेत आणि रात्री एक स्टार देऊन लिहिलंत की स्टार फॉक्स मागितला तर काठी घेऊन पळणारा कोल्हा दिला, सीडी छोटी डुप्लिकेट, रिमोट जुना वायरचा, एसी बंद, वर काउंटरवरचा पोरगा उलट बोलला. आणि शेवटी ‘परभणीत असंच चालायचं’.

एसीचं आधी उरकतो. लाइट गेली होती. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि पंखे चालतात, एसी ओढत नाही. मे महिन्यातली आपली दुपार मीही त्याच खोलीत काढतो. पोराला विचारलं, तर म्हणाला, "मी फक्त म्हणलो, कामून तापायलेत, खेळून तर बघा." ह्यालाच उलट बोलणं म्हणतात हे त्याला समजावलंय. त्याच्या वतीने माफी मागतो.

डिस्क मात्र अस्सल आहे. गेमक्यूब म्हणजे निन्टेंडो कंपनीचं जुनं गेमचं मशीन, त्याची डिस्क असतेच ८ सेंटीमीटरची, तळहातात मावेल एवढी. निन्टेंडोचंच त्यानंतरचं मशीन म्हणजे वी, सुरुवातीच्या वीच्या खाचेत मोठी आणि छोटी दोन्ही जातात. पण गेमक्यूबचा गेम लावला की वीचा बिनवायरचा रिमोट चालत नाही, जुना वायरचाच कंट्रोलर जोडावा लागतो. खेळ सेव्ह करायचा तर मेमरी कार्डही जुनंच. हे मशीन आणि ही डिस्क मी जर्मनीहून परत आलेल्या एका माणसाकडून घेतली. जगात जर्मनी, भारतात परभणी, तर दोन्हीकडचा माल एकाच टेबलावर आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या मामांनी आखातातून आणलेला, तुम्ही लहानपणी खेळलेला तो १९९७ चा स्टार फॉक्स ६४. विमानात बसायचं, समोर येईल ते उडवायचं, ससा, बेडूक आणि ससाणा कानात ओरडत असायचे. एकूण १५ टप्पे, त्यातले एका वाटेने गेलं तर सात, तासाभरात खेळ खलास. तेच मनात धरून तुम्ही आलात आणि पडद्यावर निघाले डायनोसॉर. राग येणारच.

पण तुम्हाला लावून दिलेला हा डिस्कवरचा गेम मुळात विमानाचा नव्हताच. इंग्लंडमधली रेअर ही कंपनी निन्टेंडोच्या एन ६४ मशीनसाठी ‘डायनोसॉर प्लॅनेट’ नावाचा वेगळाच गेम बनवत होती. त्यात सेबर नावाचा नायक, क्रिस्टल नावाची नायिका, जादूची काठी आणि देवळं. अंतराळाच्या लढाईशी काही घेणंदेणं नाही. निन्टेंडोचे गेम घडवणाऱ्या शिगेरू मियामोतो यांना तो नायक आपल्या स्टार फॉक्समधल्या फॉक्स या कोल्ह्यासारखा वाटला. मग मांडव तोच, वऱ्हाड तेच, नवरदेव तेवढा बदलला. मशीनही बदललं आणि २००२ मध्ये तो गेमक्यूबवर ‘स्टार फॉक्स अ‍ॅडव्हेंचर्स’ म्हणून आला. २०२१ मध्ये त्या जुन्या गेमची २००० सालातली अर्धवट आवृत्ती बाहेर फुटली, तिच्यात सेबरच्या जागी फॉक्स येऊन बसलेला दिसतो. इकडे २००२ च्या सप्टेंबरातच मायक्रोसॉफ्टने रेअर ३७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. निन्टेंडोच्या घरगुती मशीनसाठी रेअरने केलेला हा शेवटचा गेम.

माझं मत विचाराल तर खेळ वाईट नाही. काठीची मारामारी जमून आली की मजा येते, आणि कोल्ह्याच्या अंगावरची लव अजून बघत राहावीशी वाटते. ते ट्रिकी नावाचं डायनोसॉरचं पिल्लू मात्र सारखं भुणभुण करतं, तिथे मी तुमच्या बाजूने. विमानही आहे, पण जेवणात लोणचं असावं तेवढं. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना सोनेरी कड्यांतून उडत जायचं, की परत पायी. खरी विमानाची लढाई अगदी शेवटी आहे. गोष्ट फोडतोय, भाच्याला वाचू देऊ नका: शेवटी समोर येतो तो तुमचा जुना वैरी अँड्रॉसच. तुम्ही ४० मिनिटांत उठलात. तिथवर पोचायला कितीतरी रविवार लागले असते.

आता चूक कुठं झाली ते सांगतो, कारण ती आमचीच आहे. पहिली ही की तो गेम मी ‘विमान, नेमबाजी’ असं लिहिलेल्या फळीवर ठेवला होता. नाव बघून ठेवला, बाकी विचार केला नाही. दुसरी चूक सांगायला मला लाज वाटते. तुम्हाला हवा होता तो १९९७ चा गेम त्याच मशीनच्या आत डाउनलोड केलेला आहे. पण मशीन जर्मनीचं. युरोपात तो गेम ‘लायलॅट वॉर्स’ या नावाने विकला गेला, मेनूतही तेच नाव येतं. पोराने स्टार फॉक्स शोधला, दिसला नाही, म्हणून फळीवरची डिस्क लावली. ज्याचं नाव स्टार फॉक्स तो तुम्हाला नको होता, आणि जो हवा होता त्याचं नाव स्टार फॉक्स नव्हतं. मी त्या वेळी जेवायला घरी गेलो होतो.

डिस्क आता ‘गोष्टीचे गेम’ या फळीवर गेली आहे आणि मेनूतलं नाव कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवलंय. दुसऱ्या तासाचे ८० रुपये काउंटरवर पाकिटात ठेवलेत, पावती नसली तरी चालेल. शिवाय भाच्याला घेऊन कधीही या, लायलॅट वॉर्सचा एक तास आमच्याकडून. एक आधीच सांगतो, नाहीतर पुन्हा एक स्टार द्याल: मूळ गेमसोबत कंट्रोलरला लावायचा थरथरणारा डबा मिळायचा, ती थरथर वीवरच्या या आवृत्तीत नाही. आणि दुपारी येणार असाल तर लाइट आहे का ते फोन करून विचारा.