बाडुगी नशिबाची का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: बाडुगीत (पोकरचा चार पत्त्यांचा प्रकार, यात लहान पत्त्यांचा हात जिंकतो आणि एक्का सगळ्यात लहान) सगळे पत्ते झाकलेले, टेबलावर उघडं काहीच नाही, वर तीनदा पत्ते बदलायची मुभा. म्हणजे सगळा नशिबाचा मामला, आणि नवशिक्यांना हे शिकवणं फुकट. शिवाय ‘सगळ्यात लहान पत्ता कधीच टाकू नका’ हा माझ्या लेखातला सल्ला पाळून तुम्ही हरलात.

दुसऱ्या तक्रारीचं आधी बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे.

तुमच्या हातात होते इस्पिक एक्का, इस्पिक तिर्री, बदाम एक्का आणि चौकट सत्ती. तुम्ही तिर्री टाकलीत. पण बाडुगीत चारही पत्ते वेगळ्या किमतीचे आणि वेगळ्या रंगाचे लागतात (रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, लाल-काळा नव्हे). जोडी झाली की त्यातला एकच पत्ता मोजला जातो. त्यामुळे तुमच्याकडे मोजण्यासारखे दोनच पत्ते उरले, आणि पुढच्या एका बदलात चार पत्त्यांचा हात होणं शक्यच नव्हतं. टाकायला हवा होता तो इस्पिक एक्का! तिर्रीशी त्याचा रंग भिडतो, दुसऱ्या एक्क्याशी किंमत भिडते. सगळ्या भांडणाचं मूळ तोच. तो गेला की तिर्री, बदाम एक्का, सत्ती असा तीन पत्त्यांचा स्वच्छ हात राहतो आणि वाट फक्त किलवरची. लेखातलं ते वाक्य मी बदललं आहे.

आता नशीब. पहिल्याच वाटपात तयार बाडुगी (चारही पत्ते मोजले जातील असा हात, यालाही बाडुगीच म्हणतात) येण्याची शक्यता साधारण 6.3 टक्के. तीन चांगले पत्ते धरून चौथ्याची वाट पाहणाऱ्याला उपयोगी पडतील असे पत्ते 10, न दिसलेले 48. तिन्ही बदल मिळाले तर हात पूर्ण होण्याची शक्यता 51 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच, असं तुम्ही म्हणाल. पत्ते येण्यापुरतं ते खरंही आहे.

पण पैज लावायची की सोडून द्यायचं, हे त्या नाण्यावर ठरत नाही. उघडे पत्ते नसले तरी कोण किती पत्ते बदलतोय हे सगळ्यांसमोर घडतं. दुसऱ्या बदलाला समोरच्याने दोन पत्ते मागितले, तर त्याच्याकडे बाडुगी नाही हे जवळजवळ नक्की. त्याने एकही मागितला नाही, म्हणजे तो ‘पॅट’ राहिला, तर एकतर हात तयार आहे किंवा तो थापा मारतोय. डीलरच्या (पत्ते वाटणाऱ्याच्या) जागेवरचा खेळाडू सगळ्यांचे आकडे ऐकून मग आपला सांगतो. म्हणून तीच जागा सोन्याची. पैजेच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत बेट, म्हणजे पैजेची रक्कम, दुप्पट होते. शेवटच्या बदलाला हात पूर्ण होण्याची शक्यता जेमतेम पाचात एक. समोरचा पॅट असताना तिथवर रेंगाळलात तर पत्त्यांना दोष देऊ नका.

थापेचंही गणित आहे. समजा तुमच्याकडे तीन दुर्र्या आल्या. हात म्हणून कचरा. पण त्या दुर्र्या इतरांना मिळणार नाहीत, त्यांचे लहान हात अडतात. अशा वेळी पहिल्यापासून रेझ करत (पैज वाढवत) पुढे पॅट राहण्याला ‘स्नो’ म्हणतात, आणि मला या खेळातली ही सगळ्यात देखणी चाल वाटते. तरी पहिल्या दिवशी करू नका. समोरचा आकडे पाहतच नसेल, तर त्याला थाप कळणारच नाही आणि तो मजेत कॉल करेल, म्हणजे तेवढीच पैज लावून खेळात राहील.

शेवटी तुम्ही विचारलंत, राजा असलेली बाडुगी आली तर मोडायची का? चार पत्त्यांचा कुठलाही हात तीन पत्त्यांच्या हातावर भारी, अगदी एक्का-दुर्री-तिर्रीवरही. म्हणून समोरचा अजून पत्ता मागत असेल तर शांत बसा. तो पॅट राहून वर रेझ करत असेल, दोन बदल शिल्लक असतील आणि राजाखालचे तिन्ही पत्ते लहान असतील, तर राजा टाकून बघा. राजाखाली राणी आणि गुलाम असतील तर मोडून काही हाती लागत नाही, तिथे फोल्ड, म्हणजे हात सोडून द्या.