सोडा भज्यांत टाका, शाईत नको

"फाउंटन पेन वापरणाऱ्यांनो सावधान! तुमची शाई तुमचं पेन आतून खात आहे!!" असा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. खाली सही 'एक निवृत्त केमिकल इंजिनिअर, पुणे'. नाव नाही, गाव तेवढं आहे. मजकूर थोडक्यात असा: सगळ्या शायांत आम्ल असतं आणि ते निब खातं, सोन्याचीसुद्धा. म्हणून बाटलीत चिमूटभर खायचा सोडा टाकून आम्ल मारावं. काळी शाई म्हणजे कोळसा, तिने निब झिजते. ज्या कंपनीचं पेन त्याच कंपनीची शाई वापरावी. स्वस्त देशी शाई पेनाला विष. चमकीची शाई टाळावी. आणि महिन्यातून एकदा पेन उकळत्या पाण्यातून किंवा नेलपॉलिश रिमूव्हरमधून काढावं. शेवटी नेहमीप्रमाणे 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'.

पोहोचला. सदाशिव पेठेत माझ्या मामांपर्यंत पोहोचला, आणि त्यांनी मामीच्या ओट्यावरचा सोडा चमच्याच्या टोकावर घेऊन निळ्या-काळ्या शाईच्या बाटलीत ढवळला. मग तीच शाई आपल्या सोन्याच्या निबेच्या पेनात भरली. चार दिवसांनी पेन लिहीना, तेव्हा मला फोन. मी म्हटलं, "मामा, मला आधी विचारायचं होतंत." तर म्हणाले, "अरे, केमिकल इंजिनिअरने लिहिलंय ते, तुझ्यासारख्याने नाही." याच ग्रुपवर चेकवर काळ्या शाईने लिहायला रिझर्व्ह बँकेने बंदी केली म्हणून बोंब झाली होती. ते खोटं असल्याचं पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने, 2025 च्या जानेवारीत जाहीर केलं, तरी मामा अजून चेक निळ्यानेच लिहितात. तेव्हा हे सगळं एकदा लिहूनच काढतो.

सोड्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा पेनाच्या मुळावर येणारा आहे.

सगळ्या शायांत आम्ल नसतं. शाळेत वापरायची साधी निळी किंवा काळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, थोडं ग्लिसरीनसारखं काही आणि बुरशी लागू नये म्हणून औषध. कुणाचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, खाली (आंबट), कुणाचा वर. आम्लावाचून जिचं चालतच नाही अशी जात म्हणजे लोहाची शाई. ही जुनी, युरोपातल्या दस्तऐवजांची शाई. घटक आपल्याला परके नाहीत: हिराकस आणि मायफळ. बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ. त्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह एकत्र आलं की शाई तयार होते. बाटलीत ती जवळजवळ बिनरंगी असते, म्हणून लिहिताना दिसावी यासाठी निळा रंग घालतात. कागदावर उतरल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने लोहाचं रूप बदलतं, न विरघळणारा काळा पदार्थ बनतो आणि तो कागदाच्या धाग्यांत जाऊन बसतो. पाणी सांडलं तरी अक्षर जात नाही. इंग्लंडात जन्म-मृत्यूच्या आणि लग्नाच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या याच जातीच्या शाईने झाल्या. डायमाइन कंपनीची रजिस्ट्रार्स इंक तीच. पेलिकन 4001 ब्लू-ब्लॅक याच घराण्यातली, पण सौम्य.

आता यात आम्ल कशाला? तर हे काळं होणं कागदावर व्हावं, बाटलीत होऊ नये म्हणून. आम्ल आहे तोवर लोह विरघळलेलं राहतं. ते आम्ल तुम्ही सोड्याने मारलंत की लोहाला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, आणि जे कागदावर व्हायचं ते बाटलीतच सुरू होतं. मामांची निळी-काळी शाई याच जातीची. तिची बाटली ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली. काचेला आतून काळा थर, तळाशी बोटभर गाळ, आणि वरच्या पाण्याला मळकट करडा रंग. सोडा घातल्यावर फेस आला होता म्हणे, आणि फेस आला म्हणजे 'आम्ल जळालं' असं समजून मामा खूश. फेस कार्बन डायऑक्साइडचा होता, एवढं खरं.

हाच गाळ पेनात गेला. निबेच्या खाली जो फीड असतो त्यात शाई उतरायला केसाएवढी चीर असते. पेन सोडवलं तर त्या चिरेत काळी लांब रेघ घट्ट बसलेली, नखाने निघेना. आम्लाने पेन खाल्लं नव्हतं. आम्ल काढल्यामुळे पेन बुजलं होतं.

आणि शाई लोहाची नसून साधी असली तरी सोडा नकोच. धुता येणाऱ्या निळ्या शाईचा रंग अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, फिका पडतो. शाई खोडायची जी पांढऱ्या टोकाची पेनं मिळतात, ती याच गुणावर चालतात. बाकी रंगांपैकी कुठला पीएच बदलल्यावर खाली बसेल, हे शाई बनवणाऱ्याला माहीत असतं. तुम्हाला, मला आणि त्या इंजिनिअरसाहेबांना नाही.

सोन्याची निब आम्ल खातं, हा मुद्दा तर लक्ष्मी रस्त्यावरच्या कुठल्याही सोनाराला सांगून पाहा. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून तो नायट्रिक आम्लाचा थेंब टाकतो. पितळेची रेघ उडते, सोन्याची राहते. सोनं विरघळवायचं तर नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक, दोन्ही तीव्र आम्लं एकत्र लागतात. निबेवर 585 असा शिक्का असेल तर ते 14 कॅरट, आणि शाईतलं पातळ आम्ल तिचं काही करू शकत नाही. लोहाच्या शाईचा जमाना होता तेव्हा चांगल्या पेनांना सोन्याची निब लावत, त्यामागे हेच मोठं कारण होतं. म्हणजे ज्या धातूसाठी मेसेज गळा काढतोय, तोच सुरक्षित आहे.

इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करावी लागते. साध्या पोलादाच्या, वर सोन्याचा मुलामा दिलेल्या जुन्या निबा लोहाच्या शाईने खरंच खराब होतात. मुलामा उडतो, खाली गंजाचे ठिपके येतात. हल्लीच्या स्टेनलेस निबेला तितका त्रास नाही, पण त्यातही ही शाई महिनोन्‌महिने कोंडून ठेवायची नाही. मेसेजवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता.

'ज्या कंपनीचं पेन त्याच कंपनीची शाई.' या मुद्द्यावर मला पेन-इतिहासातलं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण द्यायचंय, कारण ते नेमकं उलट बाजूचं आहे. पार्करने 1931 मध्ये क्विंक ही शाई आणली, ती आजही विकली जाते आणि कुठल्याही पेनात चालते. पुढे 1941 मध्ये पार्कर 51 हे पेन बाजारात आलं, आणि त्याच्यासोबत झटकन वाळणारी एक खास शाई. ती कडक अल्कली होती. 51 चं प्लॅस्टिक ती सोसेल असं निवडलेलं होतं. त्या काळातली इतर पेनं सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकची, ती सोसत नव्हती. शेवटी ही शाई फक्त 51 मध्येच भरा, अशी ताकीद कंपनीला बाटलीवर द्यावी लागली. म्हणजे पार्करची शाई पार्करच्याच दुसऱ्या पेनाला चालत नव्हती! 1947 मध्ये तिच्या जागी सुपरक्रोम आली, रंग जास्त झगझगीत. पण जुनी पेनं दुरुस्त करणारे आजही तिचं नाव काढलं की नाक मुरडतात आणि बंद बाटली हाती लागली तरी शोभेला ठेवतात.

यातून दोन गोष्टी निघतात. शाईने पेन बिघडू शकतं, हे खरं. मी ते नाकारत नाहीये. पण पेनाच्या इतिहासातली सगळ्यात बदनाम शाई आम्लाची नव्हती, अल्कलीची होती. आणि आपले इंजिनिअरसाहेब आपल्याला बाटलीत अल्कली घालायला सांगतायत. आजच्या शायांतही जिच्याबद्दल सगळ्यात जास्त कुरकुर ऐकू येते ती नूडलर्स कंपनीची बे स्टेट ब्लू, तीही अल्कली बाजूचीच. ती कन्व्हर्टरला (पेनातल्या शाई भरायच्या नळीला), फीडला असा निळा डाग पाडते की जन्मभर पुसत बसा, आणि दुसऱ्या शाईत मिसळली की गाळ.

काळी शाई म्हणजे कोळसा? पेनाची साधी काळी शाई रंगाचीच असते, तिच्यात काजळी नसते. काजळीची शाई वेगळी. आपल्या पोथ्या काजळी आणि डिंकाच्या शाईने लिहिल्या, पण बोरूने. बोरूला फीड नसतो, बुजायचं काय? ड्रॉइंग इंक ही तिचीच नातेवाईक, फक्त डिंकाच्या जागी बहुधा लाख. वाळली की वॉटरप्रूफ, म्हणजे पेनात वाळली तरी वॉटरप्रूफ. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला आणलेली ड्रॉइंग इंकची बाटली घरात पडून असते आणि कुणीतरी ती बाबांच्या पेनात ओततं. अप्पा बळवंत चौकात दोन्ही बाटल्या एकाच दुकानात, कधी एकाच फळीवर मिळतात. दुकानदाराला 'काळी शाई द्या' एवढंच म्हटलं तर जी हाताला लागेल ती मिळेल. फाउंटन पेनची, असं स्पष्ट म्हणा. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक किंवा सेलरची किवागुरो या मात्र काजळीच्या जातीच्या असूनही पेनासाठीच बनवलेल्या आहेत, कण फार बारीक. रोज लिहिणाऱ्याने वापराव्यात, पेन टोपण लावून कपाटात विसरणाऱ्याने नाही. निब झिजण्याचं म्हणाल तर निबेच्या टोकाला सोन्याहून कितीतरी कठीण मिश्रधातूचा दाणा असतो, त्याला कागद सहजी झिजवत नाही तिथे काजळी काय करणार?

देशी शाई विष, हे वाचून मला राग आला आणि अजून गेलेला नाही. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत शाई बनवायला सुरुवात केली, आधी हॉर्स ब्रँड, मग कॅमल. त्या उंटाच्या बाटलीवर महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांचे पेपर लिहून झाले! बंगालातली सुलेखा 1934 ची, स्वदेशीच्या चळवळीतून आलेली. या शाया स्वस्त आहेत, काही रंग उन्हात लवकर उडतात, काही कागदावर पसरतात. पेन मारत नाहीत.

चमकीची शाई: चमकीचे कण खाली बसतात, बाटली हलवून घ्या, जाड निबेत भरा, वेळेवर धुवा. एवढंच. हा मुद्दा निम्मा बरोबर आहे.

राहिलं नेलपॉलिश रिमूव्हर. त्यात बहुधा ॲसिटोन असतं, आणि ॲसिटोन ॲक्रिलिक, एबीएस, सेल्युलॉइड ही सगळी प्लॅस्टिकं मऊ करतं किंवा सरळ विरघळवतं. पेन एकदा बुडवलंत की झिलई गेली, थोडं जास्त ठेवलंत की आटे चिकटले, टोपण पुन्हा फिरणार नाही. स्पिरिट आणि सॅनिटायझरही नकोत. उकळतं पाणी एबोनाइटवर (पेनाच्या कडक रबरावर) पडलं की काळंभोर पेन शेवाळी-तपकिरी होतं, सेल्युलॉइड वाकतं. साधं, फार तर कोमट पाणी घ्या, आणि शाईचा प्रकार किंवा रंग बदलताना स्वच्छ पाणी येईपर्यंत पेन भरा-रिकामं करा. सोसायटीला बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा.

ज्यांनी आधीच सोडा टाकलाय त्यांच्यासाठी: बाटली वाचवायला जाऊ नका, ओतून द्या. पेन पाण्याने धुवा. तेवढ्याने लोहाचा काळा थर निघाला नाही, तर कपभर पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व विरघळवून फक्त निब आणि फीड त्यात थोडा वेळ ठेवा. मुलाम्याच्या कड्या, क्लिप वगैरे बाहेर. पाणी हळूहळू करडं होईल, ते फेकून पुन्हा एकदा तसंच करा, मग साध्या पाण्याने भरपूर धुवा आणि निब खाली करून टिश्यूवर रात्रभर उभं ठेवा. मामांचा फीड याच आम्लाने मोकळा झाला. सोन्याची निब होती तशीच निघाली, तिच्यावर ओरखडासुद्धा नाही.