मुंबईच्या पाहुण्याला मुंबई कशी सांगावी

डिसेंबर लागला की नागपुरात संत्री आणि मुंबईच्या गाड्या एकदमच दिसायला लागतात. हिवाळी अधिवेशनात हॉटेलांचे भाव विचारायची सोय नसते, म्हणून तुमचाही एखादा लांबचा भाचा, कुठल्याशा खात्यात कक्ष अधिकारी वगैरे असलेला, घरी उतरणारच. आणि पहिल्याच संध्याकाळी तो म्हणणार, "बाकी सगळं छान आहे मामा, पण तुमच्याकडे समुद्र नाही."

चिडू नका. सकाळी त्याला तर्री-पोह्याच्या ठेल्यावर न्या आणि तर्री जरा सढळ हाताने टाकायला सांगा. तोंड पोळलेला माणूस मधे बोलत नाही. मग त्याला त्याच्याच शहराचा इतिहास सांगायला घ्या.

सुरुवात १५३४ पासून करावी. शिलाहारांपर्यंत मागे गेलात तर पोहे निवतील. हुमायून अंगावर आला, गुजरातचा बहादूरशहा घाबरला, त्याने पोर्तुगीजांशी तह केला आणि वसईबरोबर मुंबईची बेटंही देऊन टाकली. बेटांवरच्या कोळ्यांना कोणी विचारलं का, असा प्रश्न टाकून पुढचा घास घ्या. उत्तरासाठी थांबू नका.

मग १६६१. पोर्तुगालच्या कॅथरीनचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबई दिली गेली. इथे भाचा "हे माहितीये" म्हणेल. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं. खरी गंमत पुढची आहे, ती सावकाश सांगा. राजाने ताबा घ्यायला सर अब्राहम शिपमनला फौज देऊन पाठवलं. लिस्बनहून हुकूम सुटलेला, पण इथले पोर्तुगीज अधिकारी दाद देईनात. शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत बसला आणि शिपायांसकट तापाने मेला. शेवटी १६६५ मध्ये उरल्यासुरल्या माणसांनिशी मुंबईचा ताबा घेतला तो त्याच्या सेक्रेटरीने, हम्फ्री कुकने. वरून मंजुरी, खालून चालढकल, साहेब वाटेतच गेले आणि सही सचिवाची. मंत्रालयात नोकरी करणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तो फक्त पाणी मागेल. तीनच वर्षांत राजाने हे प्रकरण ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात टाकलं, भाडं वर्षाला दहा पौंड. आजच्या मुंबईत दहा पौंडांत काय भाड्याने मिळतं, हे मात्र विचारू नका. बिचारा डोंबिवलीहून येतो.

आता तो नागपूरवर घसरेल. घसरू द्या. सन १७०२ मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शाहने शहर वसवलं, मग भोसले आले, हे भराभर उरका. रेंगाळायचं ते थंडीवर. भोसले आणि इंग्रजांची सीताबर्डीची लढाई २६-२७ नोव्हेंबर १८१७ ची. तिसरे रघुजी निपुत्रिक वारले ते ११ डिसेंबर १८५३ ला. डलहौसीने दत्तक नामंजूर केला, राज्य खालसा झालं आणि भोसल्यांचे दागिने लिलावाला कलकत्त्यास गेले. मध्य प्रदेशची राजधानी नागपुरातून भोपाळला गेली आणि आपण मुंबई राज्यात आलो ते १ नोव्हेंबर १९५६ ला. नागपुरात स्वेटर निघाले की राज्य बदलायचा धोका असतो, असं त्याला गंभीर चेहऱ्याने सांगा. जमल्यास त्याच्या अंगातल्या स्वेटरकडे पाहा.

'मग आम्ही तुम्हाला अधिवेशन दिलं ना?' हा मुद्दा येईल. १९५३ चा नागपूर करार तोंडपाठ असू द्या: शासनाने ठराविक काळ नागपूरला यायचं आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन दरवर्षी इथे भरवायचं. शासन येतंच हो. सूटबूट घालून येतं, मोर्चे झेलतं, सावजीचं मटण खाऊन घाम पुसतं आणि विमान पकडतं. ठराविक काळ म्हणजे किती, हे करारात लिहून न घेणारी ती पिढी फार भली होती.

कापसाचा विषय मात्र तुम्हीच काढा. अमेरिकेत यादवी पेटली (१८६१ ते ६५), मँचेस्टरचा कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्यात वऱ्हाड-नागपूरचा माल किती होता, हे मुंबईच्या इतिहासात कोपऱ्यात सापडतं. रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ मध्ये, म्हणजे तेजी बसल्यावर. आपल्याकडे सोयी नेहमी याच मुहूर्तावर येतात. तरी जमशेटजी टाटांनी कापसाच्या जवळ म्हणून गिरणी काढली ती नागपुरात. व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली म्हणून नाव एम्प्रेस मिल. आता तिथे मॉल आहे. भाच्याला आवर्जून न्या, परळची आठवण येऊन त्याला एकदम घरच्यासारखं वाटेल.

राज्यकर्त्यांचं आम्ही पुढे काय करतो, असं त्याने विचारलं तर तान्ह्या पोळ्याला यायचं आमंत्रण द्या. इंग्रजांना मिळालेल्या भोसल्यांच्या राणीची, बाकाबाईची काळी मारबत, म्हणजे मोठा पुतळा, मिरवणुकीत निघते, असं इथे म्हणतात. मागोमाग चालू वर्षाचे बडगे, म्हणजे ज्याच्यावर राग त्याचे पुतळे. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत पोट्टे जाळून येतात. कोणाचा बडग्या निघेल हे आधी सांगू नका. त्याच्या खात्याचाही निघू शकतो.

एवढं होऊनही गडी समुद्रावर आलाच, तर अजनीच्या कंटेनर डेपोची गोष्ट काढा. कस्टमचे कागद नागपुरात व्हायचे आणि कंटेनर रेल्वेने थेट बंदरावर. फायलीवाल्याला विचारा, बंदरात याहून वेगळं काम काय असतं?

हे जरा लवकर उरका, कारण अधिवेशन तोवर गुंडाळलेलं असेल आणि तो बॅग भरत असेल. संत्रा बर्फीचे दोन डबे द्या, एक त्याला, एक त्याच्या साहेबांना. साहेबांची बदली झालीच तर नव्या साहेबांना तोच चालतो.